मध्ययुगीन ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या आवडतात, पण वाचन गटात नाव काढलं की लोक हसतात. पुण्यात यावर बोलायला माणसं कशी मिळवायची?

हसतात तर हसू द्या, असं मी सांगणार नाही. ते हसणं माझ्या वाट्यालाही आलंय आणि ते लागतं.

कोथरूडला आमचा वाचन गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं आणि ज्याची पाळी असेल त्याने पुस्तक मांडायचं, अशी पद्धत. माझ्या पाळीला मी सिग्रिड उंडसेट या नॉर्वेजियन लेखिकेची 'क्रिस्तीन लाव्हरान्सदात्तर' घेतली. चौदाव्या शतकातला नॉर्वे, तीन भाग, १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध झालेले. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत गटातले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "म्हणजे चर्चमधली प्रेमप्रकरणं. आणि वरून धर्मप्रचार." सगळे हसले. जिच्याशी माझं बरं जमतं तीही हसली.

मी तिथल्या तिथे उत्तर दिलं, इथेही देते. उंडसेटबाई कॅथलिक झाल्या १९२४ साली. तेव्हा तिसरा भाग बाजारात येऊन दोन वर्षं झाली होती. माहेरी श्रद्धेचं वातावरण नव्हतं, देश ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांचा ओढा आधीपासून कॅथलिक चर्चकडे होता हे खरं, पण कुणाला बाटवायला म्हणून त्या लिहायला बसल्या नव्हत्या. १९२८ चं नोबेल त्यांना मुख्यतः उत्तरेकडच्या मध्ययुगीन जीवनाच्या चित्रणासाठी मिळालं. प्राध्यापकांनी यातलं काही खोडलं नाही, फक्त "असेल, असेल" म्हणाले. एवढ्यावर मी गप्प बसणार नव्हते.

मी गोष्ट सांगायला घेतली. लाव्हरान्स हा सचोटीचा, देवभीरू जमीनदार. त्याने मुलीसाठी, म्हणजे क्रिस्तीनसाठी, चांगल्या घरातला सिमोन पाहिलाय, शब्द दिलाय. लग्नाआधी मुलगी वर्षभर ओस्लोच्या जोगिणींच्या मठात राहायला जाते आणि तिथे तिला एर्लेंड भेटतो. देखणा, उमदा आणि बेभरवशाचा. दुसऱ्याच्या बायकोबरोबर राहिलेला, तिच्यापासून दोन मुलं झालेला, त्यापायी चर्चने बहिष्कृत केलेला. क्रिस्तीन त्याला शब्द देते. आता बापाचा शब्द खरा की मुलीचा? पुण्यातल्या कुठल्याही दिवाणखान्यात हा प्रश्न टाका, लोक सरसावून बसतात. आमच्याकडेही बसले.

इथेच त्या कादंबऱ्यांमधला धर्म कामाला येतो. बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याच्या काळात चर्चने ठरवून टाकलं की लग्न होतं ते दोघांच्या संमतीने. धर्मगुरू हजर नसला, साक्षीदार नसला, बापाचा होकार नसला, तरी लग्न ते लग्नच. पुढे १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेने चोरून लग्न करायला बंदी घातली, आधी चर्चमध्ये जाहीर करा असा नियम केला. पण चोरून झालेलं लग्न म्हणून रद्द होत नव्हतं. म्हणजे धान्याच्या कोठारात दोघांनी एकमेकांना दिलेलं वचन देवाच्या दरबारात पक्कं, आणि बाहेर बाप लग्नाची तयारी करतोय. आता यातून धर्म काढून पाहा. उरतं ते नेहमीचं श्रीमंत-गरीब, घरचा विरोध आणि पळून जाणं. जे म्हणतात की धर्म बाजूला ठेवून नुसती प्रेमकथा म्हणून वाचा, त्यांना या प्रकारातलं काहीच कळलेलं नाही.

मग मी एक पान काढलं आणि इंग्रजीवरून तिथेच मराठी करत वाचलं. दुसऱ्या भागातलं. एर्लेंडशी झालेल्या लग्नात क्रिस्तीन पोटुशी होती आणि डोक्यावर कुमारिकेच्या मानाचा सोन्याचा मुकुट होता. ही फसवणूक तिच्या मनात सलत राहते. बाळ झाल्यावर ती त्याला घेऊन, अनवाणी, निदारोसला संत ओलाफच्या समाधीपाशी जाते. निदारोस म्हणजे नॉर्वेतलं आजचं ट्रॉन्डहाइम, आणि ओलाफ हा तिथला संत मानला गेलेला राजा. तोच मुकुट तिथे वाहायचा असतो. एवढं वाचून होतंय तोच, गटात सहसा तोंड न उघडणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "अहो, पण वाटेत बाळाला पाजलं कुठे तिने?"

आणि मग जे सुरू झालं! पोरीने लग्नाआधीच बापाला सांगायला हवं होतं, की सांगितलं असतं तर त्या बापाचं काळीज तेव्हाच फाटलं असतं, यावर दोन काकू हमरीतुमरीवर आल्या. कुणी म्हणालं सिमोनवर खरा अन्याय झाला. प्राध्यापक 'तत्कालीन सरंजामी व्यवस्था' वगैरे म्हणत मध्ये पडू पाहत होते, पण कुणाला ऐकायला सवड नव्हती. जाताना तीन जणींनी पुस्तक मागितलं.

म्हणून सांगते, तुमच्या गटात 'मध्ययुगीन ख्रिस्ती रोमान्स' हे नावच काढू नका. पेच सांगा आणि एक पान वाचून दाखवा. आणि ख्रिस्ती वाचकच हवेत असा हट्ट धरू नका. माझ्याकडून पुस्तक नेलेल्यांत एकही ख्रिस्ती नाही. "हे आपलं नाही" असं कुणी म्हणालंच, तर त्याला 'यमुनापर्यटन' वाचलंय का विचारा. १८५७ ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून गणली जाणारी, विधवांच्या हालांवरची. लेखक बाबा पदमनजी, ख्रिस्ती मराठी माणूस. आणि फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूच्या 'क्रिस्तपुराणा'तल्या मराठी ओव्या तर १६१६ सालच्या.

एक मात्र रोखठोक सांगते. अमेरिकेत हल्ली 'सोज्वळ' म्हणून निघणाऱ्या मध्ययुगीन प्रेमकथांपैकी कित्येक मला मध्ययुगीन वाटतच नाहीत. तेराव्या शतकातली गिरणीवाल्याची पोर रोज रात्री उशाशी बायबल घेऊन वाचते! गुटेनबर्गचं छापील बायबल आलं ते १४५५ च्या सुमारास. त्याआधी एकेक प्रत हाताने, बहुतेक चामड्यावर, लॅटिनमध्ये लिहायची. पुऱ्या बायबलला जनावरांचा कळप लागे. गिरणीवाल्याच्या घरात ते येणार कुठून? आणि त्या मुलीला ना उपवास, ना पापनिवेदन, ना संतांचे अवशेष. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत चर्च लग्नं लावू देत नसे, आपल्या चातुर्मासासारखं. या एका नियमावर केवढी घालमेल रंगवता येईल, पण तोही तिथे नसतो. झगे तेवढे जुने आणि मनं आजची.

अर्थात दिवसभराच्या कटकटीनंतर कुणाला त्यातच विसावा वाटत असेल, तर माझं त्यांच्याशी भांडण नाही. मीही आजारपणात वाचल्यात. आणि 'क्रिस्तीन' हजारावर पानांची आहे, तेव्हा गटासाठी पहिलाच भाग घ्या. तो एकटा वाचला तरी पुरा वाटतो. १९२० च्या दशकातला इंग्रजी अनुवाद मुद्दाम जुनाट भाषेत केलाय, शिवाय त्यात मजकूर गाळलाय. टीना ननली (Tiina Nunnally) यांचा अनुवाद मागवा, वाचून दाखवायला तोच सोपा. अप्पा बळवंत चौकात पायपीट करू नका, ऑनलाइनच मिळेल.

त्या प्राध्यापकांनी पुस्तक अजून उघडलेलं नाही, मत मात्र तेच आहे. तेव्हापासून माझ्या पाळीला मी एक नियम लावलाय: ज्याने वाचलंय त्याने आधी बोलायचं. तुमच्याकडेही लावून घ्या. गट नवीन असेल तर जरा दमाने, पण लावाच.

तुम्ही स्वतः कोणत्या वाचता ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ते लिहा, मला हव्या आहेत. आणि कोथरूडच्या आसपास असाल तर पुढच्या पाळीला सरळ आमच्याकडेच या.