सगळी वेबसाइट नव्याने करायची, की तीन जागी दुरुस्ती?

प्रश्न: मी हाताने शिवलेल्या वह्या आणि डायऱ्या ऑनलाइन विकते. वेबसाइट 6 वर्षांपूर्वीची आहे. महिन्याला सरासरी 3000 लोक येतात आणि 60 ऑर्डर्स मिळतात. मैत्रिणी म्हणतात, साइट जुनाट दिसते. एका डिझायनरने सगळी साइट नव्याने करायचा जो आकडा सांगितला, तो माझ्या पाच महिन्यांच्या निव्वळ नफ्याएवढा आहे. महिनाअखेरीपर्यंत होकार दिला तर 15 टक्के सूट मिळेल. दुकानाच्या खात्यात एवढी रक्कम नाही, पण घरखर्चाला नऊ महिने पुरेल एवढी आपत्कालीन गंगाजळी आहे. दुसरं उत्पन्न नाही. त्यातून पैसे काढू का?

उत्तर: गंगाजळीतून मुळीच नको, आणि नवी साइटही आत्ता नको.

तुम्ही लिंक पाठवली होती, म्हणून आकडेमोड करण्याआधी मी फोनवरून तुमच्या दुकानात शिरलो आणि एक वही घ्यायला निघालो. पहिला फोटो उघडेपर्यंत माझा चहा निम्मा संपला. नंतर पाहिलं तर तो एकच फोटो 6 एमबीचा निघाला. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते. इथे त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. वही मात्र आवडली, विशेषतः कण्यावर उघडी ठेवलेली ती शिवण. ती टोपलीत टाकली आणि पुढे गेलो. तिसऱ्या पानावर कळलं की घरपोच पाठवण्याचे पैसे वेगळे आहेत, तेही वहीच्या किमतीच्या जवळपास पाव हिस्सा. मग खातं उघडायला सांगितलं. माझा पासवर्ड साइटने दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा 'पुढे' दाबायला गेलो तर नेमका त्या बटणावर चॅटचा गोल फुगा बसलेला. बोट फुग्यावर पडलं, चॅट उघडलं, आणि मी फोन ठेवून दिला.

रंग जुने आहेत, अक्षरंही थोडी बारीक आहेत, हे खरं. पण मी त्यासाठी परत फिरलो नाही.

माझ्यासारखे परत फिरणारे सगळीकडे असतात. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणारी बेमार्ड इन्स्टिट्यूट अनेक पाहण्यांची सरासरी काढून सांगते की भरलेल्या टोपल्यांपैकी सुमारे 70 टक्के तशाच सोडून दिल्या जातात. त्यातले बरेच जण नुसते बघेच असतात. पण ज्यांना खरंच घ्यायचं होतं, त्यांच्या तक्रारींत शेवटी अचानक वाढलेला खर्च सगळ्यात वर असतो, आणि खातं उघडण्याची सक्तीही वरच्या काही कारणांत येते. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

आता पैशाकडे येऊ. सोयीसाठी 'ऑर्डर' हेच आपलं चलन समजू: कागद, धागा, खोका, कुरिअर आणि पेमेंट गेटवेचं शुल्क वजा जाऊन एका ऑर्डरमागे जे हातात उरतं, ते एक एकक. तुमच्या 60 ऑर्डर्सपैकी साधारण 12 दर महिन्याच्या ठरलेल्या खर्चात जातात आणि 48 नफा म्हणून राहतात. म्हणजे डिझायनरचा आकडा 240 ऑर्डर्सचा झाला. शिवाय त्याच्या दरपत्रकात खाली बारीक अक्षरात नव्या साइटचं मासिक शुल्क आणि देखभाल आहे, ती आणखी 4 ऑर्डर्स खाते, दर महिन्याला. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख केला नाहीत, म्हणून बहुधा तिच्याकडे लक्ष गेलं नसावं.

आज शंभरात दोन जण वही घेतात. नव्या साइटमुळे हे प्रमाण 2.2 टक्के झालं, तर 66 ऑर्डर्स होतील. सहा वाढल्या, त्यातल्या चार देखभालीत गेल्या, हाती राहिल्या दोन. 240 वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, आणि तोवर ही साइटही जुनाट दिसायला लागलेली असेल. प्रमाण 2.5 टक्क्यांवर गेलं, तर महिन्याला 11 जास्त पडतात आणि पावणेदोन-दोन वर्षांत पैसे सुटतात. हा हिशोब वाईट नाही, मी तो नाकारत नाही. पण मला तिसऱ्या पानावर अडवणारी गोष्ट तशीच राहिली, तर एवढी वाढ येणार कुठून? आणि ती दूर केली, तर बहुतेक वाढ जुन्या साइटवरही मिळेल.

या हिशोबात एक खर्च कुणी धरत नाही. नवी साइट लागल्यावर पहिले काही महिने विक्री घसरू शकते. ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरने 15 कोटी पौंड खर्चून 2014 साली नवी साइट आणली. जुन्या ग्राहकांना पुन्हा नोंदणी करायला लावली, आणि त्यानंतरच्या एका तिमाहीत ऑनलाइन विक्री 8.1 टक्क्यांनी घटली. ती कंपनी असे धक्के पचवू शकते. माझा स्वतःचा अनुभव तर लाजिरवाणा आहे: चार वर्षांपूर्वी मी माझ्या साइटला नवं रूप दिलं, ते फार देखणं झालं, आणि फोन नंबर पानाच्या तळाशी गेला. दोन महिने फोन का कमी येतायत, ते मला कळेना. शेवटी एका जुन्या अशिलाने विचारलं, 'नंबर बदललात का?'

तुमची विक्री तीन महिने 20 टक्क्यांनी घटली, तर आणखी 36 ऑर्डर्स गेल्या. आणि हे घडेल गंगाजळी निम्मी झालेली असताना. दुकान हेच तुमचं एकमेव उत्पन्न असल्यामुळे दुकानाचा वाईट महिना हाच घराचाही वाईट महिना असतो. नोकरी करणाऱ्याला मी सहा महिन्यांची गंगाजळी पुरे म्हणतो, तुम्हाला नऊही जास्त म्हणणार नाही. ती दुकानाचं भांडवल नाही. तिच्याकडे त्या नजरेने बघायची सवय एकदा लागली की मोडत नाही.

साइट बदलून फायदा झाला की नाही, हे तुम्हाला कळणारही कठीण आहे. महिन्याला सरासरी 60 ऑर्डर्स असल्या की काहीही न बदलता एखाद्या महिन्यात 47 आणि दुसऱ्यात 72 येणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. त्यात डायऱ्यांचा हंगाम वर्षअखेरीचा. म्हणजे नोव्हेंबरात साइट बदलली तर ती चाललीच, असं वाटणार. म्हणून नुसत्या ऑर्डर्स मोजू नका. टोपलीत वस्तू टाकणारे किती, पत्त्याच्या पानावर पोचणारे किती, पैसे भरणारे किती, हे तीन आकडे दर आठवड्याला वहीत लिहा. (वह्यांची तुम्हाला काय टंचाई!) गळती कुठे आहे, ते दोन महिन्यांत दिसेल.

दुरुस्त्या माझ्या मते तीनच. पाठवण्याचा खर्च वहीच्या पानावर, किमतीशेजारीच लिहायचा. खातं न उघडता खरेदी करू द्यायची. चॅटचा फुगा फोनवर तरी काढून टाकायचा. फोटो लहान करणं हे तर तुमचं एका दुपारचं काम आहे, त्याला डिझायनर लागत नाही. उरलेल्याला कुणी जाणकार 10 ऑर्डर्सच्या आसपास पैसे घेईल. महिन्याला तीन ऑर्डर्स वाढल्या तरी चार महिन्यांच्या आत ते सुटतात, आणि काहीच वाढलं नाही तरी तुमचं नुकसान 10 चं, 240 चं नाही. त्याच काळात तुमच्या ओळखीच्या नसलेल्या पाच जणांना शेजारी बसवून त्यांच्या फोनवरून वही विकत घ्यायला सांगा आणि तुम्ही गप्प राहा. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2000 सालीच लिहून ठेवलंय की पाच जणांत बहुतेक अडचणी उघड्या पडतात. मैत्रिणींना यात घेऊ नका. त्या साइट बघतात, तिच्यावर खरेदी करत नाहीत.

नवी साइट करावीच लागते अशी परिस्थितीही असते. ज्या प्रणालीवर दुकान उभं आहे तिचे सुरक्षा अपडेट बंद झाले, तर हिशोब करत बसायचं नसतं. मॅजेंटो या ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीचा आधार जून 2020 मध्ये संपला, आणि त्याच सप्टेंबरात एका शनिवार-रविवारात जवळपास 2000 दुकानांत कार्डांची माहिती चोरणारा कोड घुसवला गेला. त्यातली बहुतेक याच जुन्या आवृत्तीवर होती. तेव्हा तुमच्या साइटची प्रणाली कोणती, आवृत्ती कोणती आणि तिला अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे डिझायनरला आजच लेखी विचारा. उत्तर 'संपलं' असं आलं तर माझा सल्ला बदलेल, पण पैसे तरीही गंगाजळीतून येणार नाहीत: आधी फक्त नव्या प्रणालीवर स्थलांतर, तयार साच्यावर, सजावट नंतर.

ती वेळ येईल म्हणून आजपासून नफ्यातला आठवा हिस्सा, म्हणजे महिन्याला 6 ऑर्डर्स, दुकानाच्या वेगळ्या खात्यात टाकत चला. तीन वर्षांत 216 होतील. काम देताना डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, तुमच्याच नावावर हवं आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे. जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता नव्या पानाकडे कायमचा वळवण्याची यादी करारात हवी. हे वळण किमान वर्षभर ठेवावं असं गूगलच सांगतं. ते राहून गेलं तर शोधातून येणारे लोक रिकाम्या पानावर आपटतात.

राहता राहिली 15 टक्क्यांची सूट. 240 चे 204 होतील. वर धरलेल्या दोन ऑर्डर्सच्या वाढीने 204 वसूल व्हायला साडेआठ वर्षं लागतात. मुदत खुशाल संपू द्या. तीन दुरुस्त्यांचं काम मात्र त्याच डिझायनरला विचारून बघा. एवढ्या छोट्या कामावर तो काय म्हणतो, त्यावरून मोठं काम कधी त्याच्याकडे द्यायचं का, तेही कळेल.