प्रवासात रोज भांडलो, म्हणजे आमचं जमत नाही का?

"मॅडम, अठरा वर्षांच्या संसारात कधी आवाज चढला नाही. त्या चार महिन्यांत मात्र एक दिवस धड गेला नाही. मग खरे आम्ही कोणते? घरातले की गाडीतले?"

मी जोडप्यांचं समुपदेशन करते. लांबच्या रस्त्याच्या प्रवासाहून परतलेली जोडपी हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कुणी स्वतःच्या गाडीने गेलेलं असतं, कुणी मोटरसायकलवर, कुणी बस-रेल्वे बदलत. फोटो देखणे असतात आणि दोघं एकमेकांकडे न बघता बसलेली असतात. प्रवासात माणूस कळतो असं आपण म्हणतो, आणि मग तिथे दिसलेला चिडका, हट्टी जोडीदार हाच खरा असं धरून बसतो. मला ते कधीच पटलेलं नाही. घरात नात्याला बरीच दारं असतात. ऑफिस, मित्र, दुसरी खोली, नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं. गाडीत ती सगळी एकदम बंद होतात. शिवाय घरी महिनोन्‌महिने जे निर्णय घ्यावे लागत नाहीत, ते तिथे रोज घ्यावे लागतात: कुठे झोपायचं, किती जायचं, कुणावर विश्वास ठेवायचा.

वरचा प्रश्न विचारणारं जोडपं चाळिशी ओलांडलेलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सात भेटी झाल्या, त्यातलं मोजकंच सांगते.

पहिल्याच भेटीत त्याने एक वही आणली. रोजचे किलोमीटर, डिझेल, ऑइल, टायरमधली हवा, मुक्कामाची उंची, सगळं बारीक अक्षरात. आपण किती काळजी घेतली हे त्याला मला दाखवायचं होतं. ती म्हणाली, "ही वहीच आमच्या दोघांच्या मधे बसायची."

मी वही बाजूला ठेवायला सांगेन असं तिला वाटलं असावं. मी उलट केलं. म्हटलं, घरी दोघं मिळून बसा आणि जी भांडणं आठवतात ती पेन्सिलीने याच वहीत मांडा. कोण चुकलं ते लिहायचं नाही. फक्त दिवस आणि वेळ.

पुढच्या भेटीत वहीत एकवीस खुणा होत्या. तोच बोट ठेवत वाचत गेला. "इथे नऊ तास चालवली. इथे सीमेवर कागदपत्रांत पाच तास गेले. इथे अंधार पडला तरी मुक्काम मिळत नव्हता." जवळजवळ सगळ्या खुणा दुपारी चारनंतरच्या. ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे आम्ही एकमेकांशी नाही, थकव्याशी भांडत होतो?"

बऱ्याच अंशी, हो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं होतं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकू लागतो. पहाटे चारला उठून रात्री नऊला ही दोघं "आपलं लग्नच चुकलं" इथवर पोचत होती!

पण एक खूण बसत नव्हती. दिवस लहान, जेमतेम १४० किलोमीटर, दुपारचे बारा. मी त्या पानावर थांबले. एवढ्या वर्षांत मी एक सवय जपली आहे: सगळ्या खुणा एका रांगेत लागल्या की जी रांगेबाहेर उरते तिच्याकडे बघायचं.

"हाच तो घाट," तो म्हणाला. "वर्षभर याचीच तयारी केली होती. आणि ही खिडकीबाहेर बघत गप्प. एक शब्द नाही. शेवटी मी ओरडलो, आवडत नसेल तर इथूनच परत जा."

ती हळूच म्हणाली, "माझं डोकं फुटत होतं. आदल्या रात्रीपासून. मळमळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू गाडी वळवली असतीस. आणि तुझी खिंड माझ्यामुळे हुकली असती."

तो काही बोलला नाही. वही पुढे ओढून त्या दिवसाची नोंद वाचायला लागला. मुक्कामाची उंची दोन रात्रींपूर्वी २४०० मीटर, आदल्या रात्री ३६००. खाली लिहिलं होतं: 'चढावर इंजिनाला दम लागतोय. दोनदा थांबवली.' शेवटच्या शब्दाशी त्याचा आवाज अडकला. "इंजिनासाठी दोनदा थांबलो मी," तो म्हणाला.

तीच विरळ हवा शेजारच्या सीटवरही होती. तिचं गप्प बसणं म्हणजे त्याच्या स्वप्नाची राखण होती. त्याला ती नाराजी वाटली. मी त्या वेळी एक शब्दही बोलले नाही, आणि न बोलल्याचं मला आजही समाधान आहे. तिने पेन्सिल घेतली, त्याच पानावर लिहिलं, 'डोकं दुखतंय. थांबूया.' आणि वही त्याच्याकडे सरकवली.

हे गप्प राहणं धोक्याचंही होतं, हे मी नंतर दोघांना स्पष्ट सांगितलं. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, डोकेदुखी, मळमळ अशी विरळ हवेच्या त्रासाची लक्षणं दिसली की वर चढू नये, वाढली तर खाली उतरावं. जोडीदाराचा हिरमोड होईल म्हणून लपवण्याची ही गोष्ट नव्हे.

म्हणून निघण्याआधी जोडप्यांनी एक शब्द ठरवावा असं मी सुचवते. 'थांब' म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं. मुक्काम चारच्या आत ठरवा. एक दिवस एकाने ठरवायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, आणि ज्याचा दिवस नाही त्याने संध्याकाळी हिशेब मागायचा नाही. रोज तासभर वेगळे राहा, अगदी एकाच तळावर असलात तरी. भांडण पेटलंच तर चालत्या गाडीत सोडवू नका. नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की ऐकणं बंद पडतं आणि शरीर निवायला निदान २० मिनिटं लागतात, हे जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचं निरीक्षण मी माझ्या खोलीतही रोज बघते.

एक मात्र थकव्याच्या खात्यावर टाकू नका. प्रवासात जोडीदाराची भीती वाटली असेल, अपमान किंवा हात उचलणं झालं असेल, तर त्याला वही पुरणार नाही. तेव्हा एकट्याने येऊन बोला.

बाकीच्यांनी, वही ठेवली नसेल तरी, फोनमधले फोटो उघडावेत. त्यांवर दिवस आणि वेळ असतेच. कुठल्या दोन फोटोंच्या मधे भांडण झालं ते शोधा. मात्र दोघांनी एकत्र बसून. एकट्याने बघायला बसलं की माणूस पुरावे गोळा करू लागतो.