गावाचं तोंड कुठे आहे?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल मिळाला. ॲरिझोनातल्या होलब्रुकला जाऊन दोन महिने झाले, शाळेत शिकवायला रुळलीस, थंडीची खरेदीही झाली, वाचून बरं वाटलं. शेवटी मात्र लिहिलंयस, ‘मावशी, गाव वीस मिनिटांत संपतं, रविवारचं करायचं काय?’ तिथे मला हसू आलं. पहिल्यांदा मी फिनिक्सहून तिथे आले तेव्हा मला वीस मिनिटंही लागली नव्हती. सिमेंटचे तंबू दिसले, गाडीच्या काचेतूनच दोन फोटो काढले, पेट्रोल भरलं आणि हायवेला लागले. पुण्यात असताना वाडे मोजण्यात उमेदीची वर्षं घालवलेली बाई मी, आणि ही माझी तऱ्हा!

म्हणून सांगते, गाडी घरी ठेव. आणि समोरची इमारत किती जुनी, किती सुंदर, ते नंतर. आधी तिचं तोंड कुठे आहे ते बघ.

ही अक्कल मला वाईला आली. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. एका वाड्याची मापं घेतली, रस्त्याकडचं दार मुख्य धरून नकाशा काढला. आमच्या साहेबांनी कागद फिरवून बघितला आणि एवढंच विचारलं, ‘या दारातून पालखी गेली असती का हो?’ गेली नसती. खरा दरवाजा नदीच्या अंगाला होता, दगडविटांनी बुजवलेला. रस्ता मागाहून आला होता आणि मी परसदाराला दिंडी दरवाजा करून बसले होते. सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली, तीही भर मे महिन्यात.

तुझ्या होलब्रुकने तर दोनदा तोंड फिरवलंय. 1881 मध्ये अटलांटिक अँड पॅसिफिक रेल्वे आली, तिच्याच मुख्य इंजिनिअरचं नाव गावाला मिळालं. तेव्हा गाव रुळांकडे तोंड करून बसलं. 1926 मध्ये रूट 66, शिकागोहून पश्चिमेला जाणारा हमरस्ता, जाहीर झाला आणि दुकानं हळूहळू त्या रस्त्याकडे वळली. मग उत्तरेकडून इंटरस्टेट 40 हा नवा हायवे गेला. आता साखळी हॉटेलं आणि पेट्रोल पंप त्याच्यावरून खाली उतरायच्या वाटेशी उभे असतात आणि जुनं गाव त्यांच्या पाठीमागे पडतं. म्हणजे तू हायवेवरून गावात शिरतेस ती मागच्या दाराने. वीस मिनिटांत संपेल नाही तर काय!

या रविवारी सरळ रुळांशी जा. तिथे ब्लेव्हिन्स कुटुंबाचं बसकं घर आहे. 4 सप्टेंबर 1887 ला शेरीफ कमोडोर पेरी ओवेन्स विंचेस्टर बंदूक घेऊन एकटाच त्या घरासमोर गेला होता. वॉरंट ब्लेव्हिन्स भावांपैकी एकावर, घोडेचोरीचं होतं. मिनिटभरात गोळीबार संपला, तेव्हा तीन माणसं मेलेली किंवा मरायला टेकलेली होती, चौथा जखमी. मेलेल्यांतला एक जण पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, भावाचं पिस्तूल उचलून बाहेर धावलेला. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाचा. ऐकताना हे सिनेमासारखं वाटतं, पण तू तिथे उभी राहून घर ते रूळ पावलं मोज. मी मोजायला लागले तेव्हा मध्येच थांबले. इतक्या जवळून माणूस माणसाचा चेहरा बघत गोळी घालतो, हे पुस्तकात कळत नाही.

रुळांच्या पलीकडे बकेट ऑफ ब्लड स्ट्रीट. रक्ताच्या बादलीचा रस्ता! तिथल्या दारूच्या गुत्त्यात 1886 मध्ये मारामारी झाली आणि जमीन अशी माखली की बादलीभर रक्त ओतल्यासारखी, म्हणून गुत्त्याला ते नाव पडलं आणि पुढे रस्त्यालाही. पाटीचा फोटो सगळेच काढतात, तूही काढ. नंतर दोन मिनिटं तिथल्या जुन्या भिंतींतल्या दगडाकडे बघ. आसपासचाच वाळूचा खडक. आपला काळा दगड शंभर वर्षं पाऊस खाऊन ढिम्म असतो, हा मात्र वाऱ्याने आणि थंडीने पापुद्रे सोडतो. हात फिरवलास तर बोटांना वाळू लागेल.

मग 1898 चं कोर्ट. तिथे आता म्युझियम आहे. खालच्या तुरुंगात निदान अर्धा तास काढ. लोखंडी कोठड्या सेंट लुईसच्या कारखान्यात तयार करून रेल्वेने आणल्या आणि बसवल्या. 1976 पर्यंत त्यांत माणसं कोंडली जात होती. कैद्यांनी भिंतींवर काढलेली चित्रं अजून आहेत. मी गेले त्या दिवशी बाहेर चाळीस अंश ऊन होतं, आत लोखंडाचा आणि जुन्या रंगाचा वास कोंडलेला. एका कोठडीच्या गजाला हाताच्या उंचीवर रंग उडून चकाकी आली होती. रोज तिथेच धरून कुणीतरी उभं राहत असणार. माझ्या वहीत त्या दिवसाची तेवढीच एक नोंद आहे.

कोर्टाची एक गोष्ट तुझ्या मुलांना सांग. जॉर्ज स्मायली नावाच्या रेल्वे मजुराने पगाराच्या भांडणातून मुकादमाचा खून केला. फाशी ठरली आणि शेरीफ वॉट्रनने छापील निमंत्रणं धाडली, लग्नपत्रिकेला लाजवील अशी: कार्यक्रम यशस्वी व्हावा म्हणून वातावरण आनंदी ठेवण्याची सर्व व्यवस्था केली आहे वगैरे. ती वर्तमानपत्रांत झळकली आणि बोभाटा थेट राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यापर्यंत गेला. ॲरिझोना तेव्हा राज्य नव्हतं, ते 1912 मध्ये झालं. अशा टेरिटरीचा, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचा, गव्हर्नर राष्ट्राध्यक्षच नेमत, त्यामुळे वरून कान पिळता येत होता. गव्हर्नरने फाशी महिनाभर पुढे ढकलली. शेरीफने मग काळ्या चौकटीचं, अतिशय गंभीर दुसरं निमंत्रण छापलं आणि 8 जानेवारी 1900 ला स्मायली फासावर गेला. मजकूर तेवढा बदलला. शेरीफ बेरकी होता. मला त्याचा राग येतो आणि ते दुसरं निमंत्रण आठवलं की हसूही येतं.

आता तुझे ते सिमेंटचे तंबू. विगवॅम मोटेल. हॉपी ड्राइव्हवर 1950 मध्ये चेस्टर लुईस यांनी ते बांधलं, एकूण पंधरा खोल्या. मूळ आराखडा केंटकीच्या फ्रँक रेडफर्डचा. त्याच्या धर्तीची सात मोटेलं देशात उभी राहिली, त्यांतली तीन उरली. लुईसनी मोबदला कसा दिला माहितेय? खोल्यांत नाणं टाकून वाजणारे रेडिओ बसवले, दहा सेंटला अर्धा तास, आणि त्यात पडलेली नाणी रेडफर्डला. खोल्यांना सोळापर्यंत नंबर आहेत, तेरा नाही. एक रात्र राहून बघ. भिंत आत कलती, त्यामुळे पलंगावरून झटकन उठलीस की टेंगूळ आलंच.

पण हे बघताना एक विसरू नकोस. हे विगवॅम, म्हणजे घुमटासारख्या झोपड्या, नव्हेत; आकाराने ‘टीपी’, म्हणजे शंकूसारखे तंबू आहेत, आणि टीपी या भागातली नाहीच. ती गवताळ मैदानांतल्या फिरत्या जमातींची. तुझ्या वर्गातली नावाहो मुलं, त्यांच्या आज्या-पणज्या होगान नावाच्या पारंपरिक घरांमध्ये राहायच्या, बहुधा पूर्वेला दार असलेल्या. हॉपींची दगडी गावं उत्तरेला पठारांवर शेकडो वर्षं उभी आहेत. मग इथे टीपी कशाला? कारण शिकागोहून निघालेल्या गाडीवाल्याने आयुष्यात तेवढंच एक ‘इंडियन’ घर चित्रात पाहिलेलं. ताशी पन्नास मैलांनी जाणाऱ्याला लांबून ओळखू येईल असं काहीतरी हवं होतं. त्या मोटेलचं तोंड रस्त्याकडे आहे, इथल्या माणसांकडे नाही. मुलांना मात्र हे तू शिकवायला जाऊ नकोस. त्यांना ठाऊक आहे. विचार, आणि ऐक.

रस्त्यावरच्या डायनासोरांच्या पुतळ्यांचंही तेच. लांब मानेचे ते धूड दगडांच्या दुकानाची जाहिरात. शेजारच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्कमधली दगड झालेली झाडं वीस-बावीस कोटी वर्षांपूर्वीची, आणि त्या काळचे इथले डायनासोर बरेच लहान. विज्ञानाची बाई म्हणून तुला खटकेल. खटकू दे, फोटो तरीही काढ. पार्कमधून मात्र खडाही उचलू नकोस. उचललेले खडे लोक माफीच्या पत्रांसह परत पाठवतात आणि ते परत जागेवर ठेवता येत नाहीत, कारण नेमके कुठले ते कळत नाही. दुकानात विकतात ते खासगी जमिनीतलं लाकूड असतं, ते खुशाल घे.

घरी बसून करण्याजोगं एक काम देते. सॅनबोर्न नावाच्या कंपनीने आगीच्या विम्यासाठी अमेरिकेतल्या हजारो गावांचे नकाशे काढले होते. घर विटांचं असेल तर गुलाबी, लाकडी असेल तर पिवळं, दगडी असेल तर निळं. असल्या गावांच्या दोन वेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की पिवळं कुठे जळलं आणि तिथे गुलाबी कधी आलं ते दिसतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात पुष्कळ आहेत. मी यात अख्खी रात्र घालवलेली आहे, दुसऱ्या दिवशी शाळा असताना बसू नकोस.

आणि जुन्या मोटेलांच्या काउंटरवर गप्पा मार. रूट 66 वरची कितीतरी मोटेलं गुजराती कुटुंबं चालवतात. पाटीतली निऑनची नळी कोण दुरुस्त करतं, छत कुठे गळतं, पूर्वी इथे काय होतं, हे पटेलकाकूंइतकं कुणाला माहीत नसतं. वर चहा मिळतो.

पडक्या घरात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. इथे मालक बंदूक बाळगतो आणि पायरीखाली रॅटलस्नेक असू शकतो. रुळांवर तर अजिबात नको, मालगाड्या थांबत नाहीत. उत्तरेला नावाहोंच्या हद्दीत गेलीस तर उन्हाळ्यात घड्याळ तासाभराने पुढे असतं, कारण ॲरिझोना वेळ बदलत नाही आणि ते बदलतात. मी यापायी एकदा बंद दारासमोर उभी राहिलेय.

पुढच्या महिन्यात विन्स्लोला जा, तासाभराच्या आत पोचशील. तिथलं ला पोसाडा हॉटेल मेरी कोल्टर या बाईंनी रेल्वेसाठी बांधलं, 1930 मध्ये. 1957 ला ते बंद पडलं, सामानाचा लिलाव झाला, आत रेल्वेची कचेरी थाटली. 1997 मध्ये ते नव्या मालकांकडे गेलं आणि पुन्हा उभं राहिलं. आज बहुतेक पाहुणे गाडीने रस्त्याकडून शिरतात. तू बागेतून चालत रुळांच्या बाजूला जा आणि तिथून वळून बघ. मला वाईचा वाडा आठवला होता.

आणि एक काम कर. होलब्रुकच्या कोर्टाचे माझ्याकडे सात फोटो आहेत, सगळे पुढून काढलेले. मागच्या भिंतीचा एक काढून पाठव, सकाळच्या उन्हात.

तुझी,
मावशी