मुलांवर औषधांचे प्रयोग करावेतच कशाला?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. नैराश्यासाठी डॉक्टरांनी तिला फ्लुऑक्सेटिन सुरू केलंय, तीन आठवडे झाले. परवा भावाने मोबाइलवरून वाचून दाखवलं, की अशा गोळ्यांची मुलांवर चाचणी झाली आणि निकाल दडवला. गोळी बंद करावीशी वाटते. मुलांवर असले प्रयोग करावेतच कशाला? हे पत्र लिहिल्याचं मुलीला माहीत नाही.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

भावाने वाचलं ते खरं आहे, पण ते बहुधा पॅरॉक्सेटिन या दुसऱ्या गोळीचं. १९९४ ते १९९८ दरम्यान अमेरिका-कॅनडात १२ ते १८ वर्षांच्या २७५ मुलांवर तिची चाचणी झाली. २००१ मध्ये लेख आला : गोळी गुणकारी, मुलांना सोसते. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न ‘भावनिक अस्थिरता’ अशा गुळमुळीत नावाखाली घातले होते. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मूळ कागद काढून हिशेब पुन्हा मांडला. गोळी साखरेच्या (म्हणजे औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या) गोळीपेक्षा सरस नव्हती, अपाय मात्र जास्त. त्याआधीच, २०१२ मध्ये, ती गोळी बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ३ अब्ज डॉलर भरले होते. त्यात इतर औषधांची प्रकरणंही होती.

मला राग येतो तो या दडवण्याचा. चाचणीचा नाही. चाचणी नसली की काय होतं, ते मी स्वतः केलंय. नव्वदच्या दशकात ओपीडीत उदास मुलं यायची. मी मोठ्यांची इमिप्रामिन मोडून अर्धी द्यायचे. अर्धीच का? वजनाकडे बघून, अंदाजाने. पुढे चाचण्यांतून कळलं, की लहान मुलांच्या नैराश्यावर त्या जातीच्या गोळ्यांचा उपयोग जवळजवळ नाहीच. म्हणजे प्रयोग मीही करतच होते, फक्त वहीत नोंद नव्हती आणि आईबापांची सही नव्हती.

फ्लुऑक्सेटिनची नोंद आहे. अमेरिकेत सरकारी पैशातून ४३९ मुलांवर झालेल्या चाचणीत (निकाल २००४) गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, साखरेच्या गोळीवर ३५ टक्के. त्याच वर्षी तिथल्या औषध खात्याने नैराश्याच्या सगळ्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला, की मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना लक्ष ठेवा : झोप उडणं, एका जागी न बसवणं, चिडचिड, मरणाची भाषा. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि एक. आयसीएमआर या आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, चाचणीत मूल घ्यायचं तर पालकांच्या सहीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायला सांगितलंय. तुमची लेक दहावीत आहे. हे पान तिला वाचायला द्या, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना प्रश्न तिलाच विचारू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा.