हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही त्या आजारात, जिना चढताना दम लागण्याआधी पायच का गळून जातात?

कारण दुखणं हृदयाचं असलं तरी महिनोन्‌महिने झळ पायांच्या स्नायूंनाही बसते. रक्तपुरवठा कमी पडतो हे खरंच, पण तेवढंच नाही. स्नायूतले न थकता चालणारे संथ तंतू कमी होतात, लवकर दमणाऱ्या जलद तंतूंचं प्रमाण वाढतं. पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया घटतात, त्यामुळे थोड्याशा श्रमातच लॅक्टिक आम्ल साचतं. शिवाय शरीरात आतून चालू असलेला दाह (इन्फ्लमेशन) आणि बसून राहणं यांनी मांड्या वाळतात. म्हणूनच इकोतला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) पंपिंगचा आकडा आणि चालण्याची ताकद यांचा मेळ बरेचदा बसत नाही. औषधाने पंपिंग सुधारलं तरी पाय लगेच साथ देत नाहीत. त्यांना व्यायामच लागतो. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून रोज थोडं चाला. ‘आराम करा’ हा शेजाऱ्यांचा सल्ला इथे उलटा पडतो!