पुन्हा पुन्हा भरणारी गाठ आणि गळ्याची सोनोग्राफी

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, आयटीआयला शिकतो. उजव्या जबड्याखाली मऊ सूज आली आहे. दुखत नाही, ताप नाही. दोनदा सुईने पाणी काढलं. चिकट, तार सुटणारं. दोन्ही वेळा गाठ परत भरली. आता कान-नाक-घसा तज्ज्ञांनी गळ्याची सोनोग्राफी सांगितली आहे. दीर म्हणतात, सोनोग्राफी पोटाची असते, सरळ एमआरआय करून टाका. शिवाय ऑपरेशन झालं तर गळ्यावर व्रण राहील, ही धास्ती. काय करावं?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, आधी सोनोग्राफीच करा. गळ्यातल्या बहुतेक गाठी त्वचेपासून फार खोल नसतात आणि असं जवळचं सोनोग्राफीत फार बारकाईनं दिसतं. त्यासाठी पोटाचा प्रोब, म्हणजे त्वचेवर फिरवतात तो यंत्राचा भाग, चालत नाही. साधारण ७ ते १५ मेगाहर्ट्झचा छोटा, सपाट प्रोब लागतो. यात क्ष-किरण नाहीत. माझ्याकडे गळ्याच्या तपासणीलाही काही जण उपाशीपोटी, लघवी रोखून येतात. त्याची गरज नसते.

तुमच्या पत्रातलं ‘तार सुटणारं पाणी’ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ती लाळ असण्याची बरीच शक्यता आहे. जिभेखाली दोन्ही बाजूंना एकेक लाळग्रंथी असते, सबलिंग्वल. तिला इजा झाली किंवा तिची बारीक नळी तुंबली, की लाळ झिरपून साचते. तोंडाच्या तळाशी मायलोहायॉइड नावाचा पातळ स्नायू असतो. त्यात पुष्कळ निरोगी माणसांनाही फट असते. त्या फटीतून लाळ खाली उतरली, की सूज जबड्याखाली दिसते आणि तोंडात काहीच दिसत नाही. याला प्लंजिंग रॅन्युला म्हणतात. पाणी काढून तो सहसा बरा होत नाही, कारण झिरपणारी ग्रंथी जागेवरच असते.

म्हणून नुसतं ‘सिस्ट (पाण्याची पिशवी) आहे’ लिहून रिपोर्ट संपवणं मला पटत नाही. पडद्यावर द्रव काळा दिसतो, त्याच्या मागचा भाग उजळतो. एवढं कुणालाही दिसेल. सर्जनला हवं असतं ते मूळ. मी पेशंटची मान मागे टाकायला लावते, प्रोब हनुवटीखाली आडवा धरते आणि तो स्नायू पुढून मागेपर्यंत पाहते. मग जीभ टाळूवर दाबायला, गाल फुगवायला सांगते. कधी कधी ग्रंथीचा तुकडा फटीतून खाली येताना समोर दिसतो. सिस्टचं निमुळतं टोक जिभेखालच्या ग्रंथीकडे जात असेल, तर निदान आणखी पक्कं होतं. हे पाहिलं नाही, तर दोष शेजारच्या, जबड्याखालच्या लाळग्रंथीवर (सबमँडिब्युलर) जातो आणि नको ती ग्रंथी काढली जाण्याचा धोका राहतो.

अर्थात गळ्यातली प्रत्येक गाठ लाळेची नसते. मधोमध असून जीभ बाहेर काढताना वर सरकणारी गाठ बहुधा थायरोग्लॉसल सिस्ट, म्हणजे एक जन्मजात पिशवी, असते. क्षयाच्या गाठीतही आत पू होतो. आणि हे तुमच्या मुलासाठी नाही, पण इतर वाचकांसाठी सांगायलाच हवं : चाळिशी ओलांडलेल्या, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेत पाण्याची गाठ दिसली, तर तिला साधी सिस्ट समजून सोडू नका. कर्करोग पसरलेली गाठही आतून पाण्यासारखी असू शकते.

एमआरआय लागतो तो सूज जबड्याच्या हाडामागे किंवा घशाच्या बाजूला खोल गेली असेल तर. हाडापलीकडचं सोनोग्राफीत दिसत नाही. तसं वाटलं तर सोनोग्राफी करणारे डॉक्टर (रेडिओलॉजिस्ट)च सांगतील.

व्रणाबद्दल : रॅन्युला ठरला, तर जिभेखालची ग्रंथी बहुतेकदा तोंडातूनच काढतात, गळ्यावर छेद लागत नाही. जिभेची संवेदना नेणारी नस तिथून जाते, म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणारे सर्जन निवडा.

जाताना सुईने काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट असेल तर न्या. सूज झपाट्यानं वाढली, ताप आला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.