एक्स-रे नॉर्मल, तरी नातू पाय टेकवेना

प्रश्न : नातू ४ वर्षांचा. ३ दिवसांपासून ताप, उजवा पाय टेकवत नाही. पडला असेल म्हणून मालिश केली. एक्स-रे नॉर्मल आला. वाट पाहू का?
– एक आजी, महाल, नागपूर

उत्तर : नाही, आजी. मालिशही बंद करा. हाडात जंतुसंसर्ग झाला तरी पहिले १०-१४ दिवस एक्स-रे साफ दिसू शकतो. आजच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), रक्ताचं कल्चर म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहणं (शक्यतो अँटिबायोटिकआधी, म्हणून घरातलं उरलेलं औषध पाजू नका बाप्पा!) आणि खुब्याची सोनोग्राफी होईल. सांध्यात पाणी दिसलं, तर सुईनं काढून तपासतात. पू असेल तर तातडीनं ऑपरेशन. पू कूर्चा (सांध्यातलं हाडांवरचं गुळगुळीत आवरण) फार लवकर खातो. सोनोग्राफीत काही नसेल, तर हाडातला संसर्ग शोधायला एमआरआय.